पोरं हुशार आहेत पण स्वतःचं काम स्वतः लावून करता येत नाही, वर्गात नक्की काय करायचं? (सहावी, पट 54)

वर्गशिक्षिका_ऐरोली

नमस्कार. मी ऐरोलीत एका अनुदानित शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे, सेमी इंग्रजी, दुपारचं अधिवेशन. मराठी आणि इतिहास माझ्याकडे. प्रश्न जरा लांब लिहितेय कारण थोडक्यात विचारलं की "मुलांना प्रेमाने समजवा" एवढंच उत्तर येतं.

वर्गातली बरीच मुलं तोंडी एकदम तयार आहेत. हडप्पा संस्कृतीवर विचारा, नगररचना, महास्नानगृह, मुद्रा सगळं सांगतील, एकमेकांच्या आधी हात वर. पण तेच लिहून आणा म्हटलं की वही घरी राहिली, अर्धं लिहिलंय, दुसऱ्याच वहीत लिहिलंय, नाहीतर "बाई कधी द्यायचं होतं?" प्रकल्पाला तीन आठवडे दिले होते, बहुतेक चार्ट आदल्या रात्री झालेत हे बघूनच कळतं, झेरॉक्सवाल्याकडची तीच प्रिंट पंधरा जणांच्या चार्टवर.

एक मुलगा आहे, नाव घेत नाही. तास सुरू झाला की दप्तरात हात घालतो, आधी डबा निघतो, मग चुरगळलेली सूचना, मग गेल्या वर्षीची प्रयोगवही, मग कंपासपेटी उघडी पडते, ती गोळा करेपर्यंत माझे दोन प्रश्न सांगून झालेले असतात आणि मग तो शेजाऱ्याच्या वहीत बघून तिसऱ्यापासून लिहायला लागतो. पहिले दोन कायमचे गेले. हा मुलगा मस्तीखोर अजिबात नाही, आळशीही नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं कारण प्रत्येक तासाला त्याला कोणी ना कोणी ओरडतंच.

मध्ये आमचं एक प्रशिक्षण झालं त्यात एक्झिक्युटिव्ह फंक्शनवर पूर्ण सत्र होतं. चांगलं होतं, मेंदूचं चित्र वगैरे दाखवलं, नियोजन, लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं ही कौशल्यं शिकवावी लागतात आपोआप येत नाहीत हे मनापासून पटलं. पण 54 मुलं आणि 35 मिनिटांचा तास, यात सोमवारी सकाळी उठून काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, ते कागदावर. शिवाय सकाळच्या अधिवेशनाला तोच वर्ग दुसऱ्यांचा असतो त्यामुळे भिंतीवर कायमचं काही लावता येत नाही.

विचारायचं हे की यासाठी वेगळा तास काढावा का विषयातच घालावं? सुरुवात कुठून करू? आणि पालक विचारतात की स्टेशनजवळ एका क्लासमध्ये मेंदूच्या खेळांचा कोर्स आहे, ॲपवर खेळायचं आणि एकाग्रता वाढते म्हणे, तो लावू का, त्यांना काय सांगू?

गणित_सर_कळवा

मॅडम वेगळा तास काढू नका. मी आठवीला गणित शिकवतो. वेगळ्या तासात "नियोजनाचे महत्त्व" शिकवलं की पोरं त्याच्यावर दहा ओळींचा निबंध लिहून देतील आणि पुढच्या तासाला वही तशीच घरी. हे ज्या कामात लागतं त्या कामातच शिकवायला लागतं, गणितात गणिताच्या, तुमच्या इतिहासात इतिहासाच्या.

मी काय करतो ते सांगतो. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलाय, तो तासभर पुसायचा नाही. त्यात तीनच गोष्टी, आज काय करायचं, किती वाजेपर्यंत, आणि झालं हे कशावरून ओळखायचं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि आपण शिक्षक नेमकी तीच सांगत नाही. "सरावसंच 3 करा" म्हणजे पोराच्या दृष्टीने उत्तर आलं की संपलं. मी लिहितो, "पाचही गणितं, प्रत्येकाचा ताळा करून बाजूला बरोबरची खूण." आता त्याला स्वतःलाच कळतं की आपलं झालंय का नाही, माझ्याकडे धावत यायची गरज नाही.

दुसरं म्हणजे वेळेचा अंदाज. गृहपाठ लिहून घेताना समोर लिहायचं की मला किती मिनिटं लागतील, आणि घरी केल्यावर खरी किती लागली. बस दोन आकडे. पहिल्या आठवड्यात एका मुलीच्या वहीत "अंदाज 10, प्रत्यक्ष 40" असं होतं आणि ते रोजच. तिला मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं की वरचे सगळे आकडे बघ आणि आजचा अंदाज लिही. तिने 30 लिहिलं. त्या दिवसापासून ती मालिका बघून मग बसायची ती आधी बसायला लागली, मी सांगितलं म्हणून नाही तर तिला दिसलं म्हणून. या वयाच्या पोरांना वेळ कळतच नाही हो, त्यांना "नंतर" आणि "आता" एवढंच कळतं, मग प्रकल्प आदल्या रात्री होणारच.

तिसरं घटक चाचणीनंतर. पेपर वाटला की पोरं मार्क बघतात, बाजूच्याचे बघतात आणि घडी घालून दप्तरात. मी पेपरबरोबर अर्धा कागद देतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे लिहायचं की का चुकलं, येतच नव्हतं, येत होतं पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, का वेळ पुरला नाही. आणि खाली एक ओळ, पुढच्या चाचणीआधी मी काय वेगळं करणार. "जास्त अभ्यास करणार" हे उत्तर चालत नाही, काय आणि कधी ते लिहायचं. तो कागद मी माझ्याकडे ठेवतो आणि पुढच्या चाचणीच्या आठ दिवस आधी परत वाटतो. परत वाटला नाही तर त्या कागदाला काही अर्थ नाही.

मध्ये दोन वर्षं बालभारतीच्या पुस्तकात कोरी पानं होती ना, "माझी नोंद" वाली, नंतर ती काढून टाकली. कल्पना वाईट नव्हती. पण नोंद म्हणजे काय करायचं हे पोरांना कोणी करून दाखवलं नाही, त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच जणांची पानं एकतर कोरी राहिली नाहीतर फळ्यावरचं उतरवून भरली. हत्यार दिलं, ते कसं चालवायचं ते दाखवलं नाही.

भिंतीचं म्हणाल तर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहा, वरच्या पट्टीला दोरी, खिळ्याला अडकवायचं, सुटताना गुंडाळून कपाटात. आमचीपण दोन अधिवेशनांचीच शाळा आहे.

निवृत्त_मास्तर_कोपरी

वाचलं सगळं. मी सत्त्याण्णव साली लागलो आणि अलीकडेच निवृत्त झालो. सरांचं काम चांगलं आहे पण मला एक सांगावंसं वाटतं. हे चौकोन, कागद, आकडे येण्याआधी शाळेत मुलांकडे खरी कामं असायची. परिपाठ कोणाचा वर्ग घेणार, सुविचार कोण लिहिणार, दिनविशेष कोण काढणार, स्नेहसंमेलनाची वर्गणी कोण लिहून ठेवणार, सहलीला डबे कोण मोजणार. सगळं मुलं करायची आणि चुकायचीही. आता सुविचार शिक्षकच मोबाईलवरून काढून देतात, सहलीचं नियोजन ट्रॅव्हलवाला करतो, स्नेहसंमेलनाचा नाच बसवायला बाहेरून माणूस येतो. मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेलं असं एक तरी काम शाळेत उरलंय का बघा.

माझं म्हणणं, त्या दप्तर उपसणाऱ्या मुलाला एक काम द्या जे वर्गाला खरंच लागतं. रोज सुटताना गृहपाठाच्या वह्या गोळा करून मोजून कपाटात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून वाटायच्या असं काहीतरी. काम बदलू नका, महिनाभर त्याच्याचकडे ठेवा आणि विसरला तर तुम्ही करू नका, वर्ग आठवण करून देईल. पोरगं बदलतं, मी बघितलंय.

आणि शिस्त हा शब्द आता कोणाला आवडत नाही पण रोज तीच गोष्ट त्याच क्रमाने झाली तर त्यात डोकं चालवावं लागत नाही आणि ते डोकं अभ्यासाला उरतं. याला जुनी माणसं शिस्तच म्हणायची.

विशेष_शिक्षिका_ठाणे

मास्तर, शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, पण वह्या मोजायचं काम त्याच मुलाला पहिल्याच दिवशी एकट्याला दिलं तर चार वह्या कमी भरतील आणि वर्ग त्याच्यावर तुटून पडेल, त्याला अजून एक ओरडा. आधी जोडीला कोणीतरी, आणि कपाटाच्या दारावर क्रम लिहिलेला. मग जोडीदार काढायचा, मग कागद काढायचा. आधार द्यायचा आणि हळूहळू काढायचा, दोन्ही करायचं. शाळेत होतं काय की एकतर आधार देतच नाहीत नाहीतर दिला की दहावीपर्यंत तसाच.

मी ठाण्यात दोन शाळांमध्ये विशेष शिक्षिका म्हणून जाते. ऐरोलीच्या ताईंनी लिहिलंय त्याच्यामागे काय चालतं ते सांगते म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. यात साधारण तीन गोष्टी धरतात. एक, चालू काम डोक्यात धरून ठेवणं म्हणजे वर्किंग मेमरी. दोन, मनात आलं ते लगेच न करणं. तीन, एक पद्धत चालत नसेल तर दुसरीकडे वळता येणं. नियोजन, सुरुवात करणं, वेळ सांभाळणं हे सगळं या तिन्हींवर उभं राहतं. आणि यात मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, कपाळामागचा, तो पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते, पंचविशीपर्यंत काम चालू असतं. सहावीचं मूल अकरा वर्षांचं आहे. त्याच्याकडून आपण मोठ्या माणसाची डायरी मागतोय.

वर्किंग मेमरी म्हणजे छोट्या घरातला ओटा समजा. पोळपाट, परात, कुकर ठेवला की संपला, चौथी वस्तू ठेवायला गेलात की पहिली खाली पडते. आता आपण वर्गात काय म्हणतो ऐका, "वह्या काढा, तारीख टाका, पान 42 उघडा, दुसरा आणि चौथा प्रश्न करा, तिसरा सोडा, झालं की रेघ मारा आणि वही टेबलावर आणा." सात सूचना एका दमात. निम्म्या वर्गाकडून पहिल्या दोन होतात, मग "बाई कुठलं पान?" सुरू आणि आपल्याला वाटतं लक्ष देत नाहीत. ताई, फक्त एवढं बदला, एका वेळी एकच किंवा दोनच सूचना, ती झाल्यावर पुढची, आणि पान नंबर फळ्यावर. सोमवारी करता येण्यासारखं हेच आहे आणि पैसा लागत नाही. तुमच्या त्या मुलासाठी तर तास सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं सगळ्या वर्गालाच द्या, "वही, पुस्तक, पेन बाकावर, दप्तर बंद," आणि मगच पहिला प्रश्न. त्याला वेगळं काढायचं नाही, सगळ्यांनाच.

दुसरी कामाची गोष्ट, जर-तरचा बेत. मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. "मी उद्यापासून वही विसरणार नाही" असा निश्चय टिकत नाही, पण "रात्री जेवण झालं की मी वेळापत्रक बघून दप्तर भरणार" हे टिकतं, कारण जेवण झालं ही खूणच त्याला आठवण करून देते. प्रत्येक मुलाकडून असं एकच वाक्य लिहून घ्या, खूण आणि कृती दोन्ही पाहिजे. दहा वाक्यं लिहून घेऊ नका.

ॲपच्या कोर्सबद्दल पालकांना स्पष्ट सांगा, पैसे घालवू नका. अशा प्रशिक्षणांवर भरपूर अभ्यास झालेत, मुलं त्या खेळात आणि त्याच्यासारख्या खेळात चांगली होतात हे खरं, पण वाचन, गणित, वर्गातलं लक्ष यात त्याचा फायदा उतरताना दिसत नाही. त्याच पैशात मुलाला बॅडमिंटन किंवा तबला लावा, निदान त्याला काहीतरी यायला लागेल.

आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. आपल्याकडे आई सात-बावीसच्या गाडीत चढते, वडील साडेनऊला घरी, जेवण साडेदहा, मूल बारा वाजता झोपतं. दुपारचं अधिवेशन आहे म्हणून थोडं बरं, सकाळच्या शाळेतली मुलं तर अर्धवट झोपेतच बसलेली असतात, उगीच नाही सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. झोप कमी, भूक, घरात ताण, कोणाची भीती, यातलं काहीही असलं की सगळ्यात आधी हीच कौशल्यं ढासळतात. म्हणून वही विसरल्याबद्दल उभं करणं याचा उलटा परिणाम होतो, घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात पुढच्या सूचनेला जागाच राहत नाही.

नेरूळची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे, मुलगी सातवीत. लिहू का नको विचार करत होते पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. व्हॉट्सॲप ग्रुप.

आमच्या वर्गाचा ग्रुप आहे. शाळा सुटायच्या आत गृहपाठ ग्रुपवर येतो. विषय, पान नंबर, प्रश्न नंबर, उद्या काय आणायचं, परवा कुठला गणवेश, सगळं. फळ्याचा फोटो पण. त्यामुळे मुलीने वर्गात गृहपाठ लिहूनच घ्यायचा नाही असं झालंय, कारण आईच्या फोनमध्ये आहे. संध्याकाळी मी ऑफिसमधून येताना गाडीत उभी राहून ते वाचते, डोक्यात धरते, घरी येऊन तिला सांगते, ती करते, मी तपासते, दप्तर भरते. आता सांगा हे जे तुम्ही सगळे म्हणताय लक्षात ठेवणं, नियोजन करणं, वेळ बघणं, हा सगळा व्यायाम कोणाचा झाला? माझा झाला. आणि आमच्यासारख्या घरात निदान कोणीतरी करतंय, आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींचा मुलगा महापालिकेच्या शाळेत आहे, त्याच्या घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर जातो, मग त्याला गृहपाठ कळणार कसा? म्हणजे ज्याच्या घरी फोन आणि आई दोन्ही हजर तो हुशार.

आणि बंद करा म्हटलं की पालकच चिडतात, हे मला माहीत आहे. मी ग्रुपवर एकदा सुचवलं तर तीन-चार जणींनी लगेच "मग मुलांचं नुकसान झालं तर जबाबदार कोण" असं विचारलं. त्यांचं पण चूक नाही, वही नाही म्हणून शाळेत शेरा मिळतो, आकारिकचे म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क जातात, मग आई कशाला धोका पत्करेल. शेरा बंद झाल्याशिवाय आई दप्तर भरणं सोडणार नाही, हे शाळेने आधी समजून घ्या. मला माझ्या मुलीने विसरलेलं चालेल, पण विसरल्यावर तिने ते कसं निस्तरायचं हे कोणीतरी तिला शाळेत शिकवलं तर.

घणसोली_पहिली_दुसरी

नेरूळच्या ताई, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडे पहिलीच्या पालकांचापण ग्रुप आहे.

मी लहान मुलांना शिकवते त्यामुळे वेगळं सांगते. आमच्याकडे हे सगळं खेळातून होतं आणि त्यासाठी परदेशी काही आणावं लागत नाही. "शिवाजी म्हणतो" घ्या. "शिवाजी म्हणतो हात वर" म्हटलं तर वर करायचा, नुसतं "हात खाली" म्हटलं तर हलायचं नाही, यात स्वतःला आवरणंच तर आहे. "चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस..." आणि अर्धी बोटं वर. सगळ्यात छान तळ्यात-मळ्यात. पोरं पक्की झाली की मी नियम उलटा करते, आता तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी मारायची. सगळी अडखळतात, थांबतात, ओठ हलवत स्वतःशी पुटपुटतात आणि मग उडी मारतात. तो पुटपुटण्याचा क्षण मला फार आवडतो, मूल स्वतःला सूचना देत असतं. मी मुद्दाम सांगते मोठ्याने बोला म्हणून. मग तेच गणितात, "आधी एकक, मग दशक, हातचा वर," तोंडाने म्हणत करायचं. गप्प बसा म्हणून ते बंद करू नका असं मोठ्या वर्गांच्या शिक्षकांना सांगणं आहे.

पण विशेष शिक्षिका ताई ॲपबद्दल म्हणाल्या ते खेळांनापण लागू आहे, तळ्यात-मळ्यात खेळलं म्हणून गृहपाठ पूर्ण येणार नाही. खेळातलं थांबणं वर्गात आणावं लागतं, "तळ्यात-मळ्यातला थांबतो तसं थांब, आता वाच," असं म्हटलं की पहिलीतलं मूल पटकन पकडतं.

ती गोळीची परीक्षा मी आमच्या वर्गात करून बघायचा विचार करतेय, समोर एक गोळी, पंधरा मिनिटं थांबला तर दोन. कोणात संयम आहे ते कळेल ना?

विशेष_शिक्षिका_ठाणे

नका करू ताई, मनापासून सांगते. स्टॅनफर्डचे वॉल्टर मिशेल यांचा तो जुना प्रयोग खूप गाजला, थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात म्हणून. पण 2018 मध्ये जास्त मुलांवर परत तपासलं आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली तेव्हा तो संबंध फारच कमी निघाला. आणि 2013 चा अजून एक प्रयोग आहे तो प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा. मुलांना आधी एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. काहींना खरंच आणून दिले, काहींना येऊन सांगितलं की सॉरी, नाहीयेत. त्यानंतर गोळीची परीक्षा घेतली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं गेलं ती तीनच मिनिटं. मुलं तशीच, वय तेच. म्हणजे थांबणं हे समोरच्या माणसावरच्या भरवशावर पण ठरतं. ज्या घरात उद्या देतो म्हणजे कधीच नाही, त्या घरातलं मूल गोळी लगेच खातं आणि ते शहाणपणाचंच आहे.

म्हणून वर्गात "उद्या वह्या तपासेन" म्हटलं तर उद्याच तपासा. 54 वह्या होत नसतील तर "उद्या पहिल्या रांगेच्या तपासेन" म्हणा आणि तेवढ्याच तपासा. मुलाला नियोजन शिकवायचं तर त्याच्या आजूबाजूला तारखा खऱ्या असायला पाहिजेत. प्रकल्पाची तारीख आपण तीनदा पुढे ढकलली की ज्याने वेळेत केला तो मूर्ख ठरतो.

वर्गशिक्षिका_ऐरोली

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, खरंच खूप आभार सगळ्यांचे. व्हॉट्सॲपचा मुद्दा वाचून मी आमच्या ग्रुपवर गेल्या महिन्यातलं वर जाऊन बघितलं, सगळ्या विषयांचा गृहपाठ रोज, फोटोसकट.

एक विचारते. ग्रुप एकदम बंद केला तर मुख्याध्यापिकाबाईंकडे तक्रार जाणार. मधला काही मार्ग आहे का? आणि शेऱ्याचं काय करायचं, वही नाही आणली तर काहीच करायचं नाही का, मग बाकीची मुलं म्हणतात ना की त्याला कशाला सोडलं.

गणित_सर_कळवा

ग्रुप बंद नका करू, उशिरा करा. आमच्याकडे गृहपाठ ग्रुपवर रात्री आठ वाजता जातो, फळ्याचा फोटो नाही, फक्त एक ओळ. तोपर्यंत मुलाकडे जे लिहून आलंय त्यावर चालायचं. शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं लिहून घ्यायला आणि बाजूच्याने ते तपासून सही करायला. शेजाऱ्याची सही असल्यामुळे तुम्हाला 54 डायऱ्या बघायला लागत नाहीत. महिन्याभराने आठची ओळ पण आठवड्यातून दोनदाच करा. पालकसभेत आधी सांगा, असं अचानक केलं तर भडका उडेल, आणि सांगताना "तुम्ही मुलांना लाडावलंय" या सुरात नको, नेरूळच्या ताईंनी लिहिलंय तसं सांगा की हा व्यायाम सध्या तुमचा होतोय.

शेऱ्याऐवजी दुरुस्ती. वही विसरली तर मधल्या सुट्टीची पहिली पाच मिनिटं येऊन एका कागदावर लिहायचं, वही कुठे आहे, कशामुळे राहिली, आणि उद्या ती येण्यासाठी आज किती वाजता काय करणार. गृहपाठ सुट्या कागदावर तिथेच सुरू करायचा. बाकीच्यांना दिसतं की सोडलेलं नाही. पण ओरडायचं नाही, टोमणा नाही. महिन्याने ते कागद एकत्र चाळा, एखाद्याचं कारण सारखं तेच निघतं. आमच्या एकाचं निघालं की वही क्लासमध्ये राहते कारण क्लास आणि शाळेची वही एकच आहे. हे ओरडून कधीच कळलं नसतं, वीस रुपयांच्या दुसऱ्या वहीत प्रश्न सुटला.

विशेष_शिक्षिका_ठाणे

सरांच्या त्या कागदात एक भर. हे सगळं नीट दोन-तीन महिने केल्यावर बहुतेक मुलं सावरतात. जी दोन-चार मुलं तरीही तिथेच राहतात, आणि शाळेत पण घरी पण तसंच आहे, त्यांच्या पालकांशी शांतपणे बोला आणि तपासणी सुचवा. निदान आपण करायचं नाही, "याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असेल" असं स्टाफरूममध्येसुद्धा बोलू नका. काय दिसतं तेवढं तारखेसह लिहून द्या, डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. नवी मुंबईतल्यांना वाशीचं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणितातल्या खास अडचणीचं) प्रमाणपत्र लागणार असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जावं लागतं, सायन रुग्णालयात त्याचं क्लिनिक बरीच वर्षं चालू आहे. प्रमाणपत्र असलं की दहावीला बोर्डाकडून जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण दहावीच्या वर्षात धावाधाव करण्यापेक्षा सहावी-सातवीत सुरुवात झालेली बरी. तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत मात्र आधी सूचना कमी करून आणि ती दोन मिनिटं देऊन बघा.

निवृत्त_मास्तर_कोपरी

ताईंचं जोडीदाराचं म्हणणं पटलं. काम द्याल तेव्हा जोडीला शांत मूल द्या, हुशार नको, हुशार मूल सगळं स्वतःच करून टाकतं.

वर्गशिक्षिका_ऐरोली

ठरवलं. सोमवारपासून दोनच गोष्टी, तासाआधीची दोन मिनिटं आणि एका वेळी एकच सूचना. फळ्यावरचा चौकोन माझ्या दोन विषयांपुरता सुरू करते, बाकीच्या विषयशिक्षकांना शनिवारच्या मीटिंगमध्ये सांगेन, निदान विज्ञानाच्या मॅडम नक्की तयार होतील. पुढचा इतिहासाचा प्रकल्प देताना जमा करायच्या तारखेपासून उलटं मोजत मागे यायचं असं वर्गातच करणार आहे, कधी चित्रं, कधी मजकूर, कधी चार्ट, आणि प्रत्येक टप्प्याला मी खरंच बघणार. व्हॉट्सॲपचं पालकसभेनंतर.

सर, तो चाचणीनंतरचा अर्धा कागद आणि मधल्या सुट्टीचा कागद, दोन्हीचा फोटो टाकाल का? आमच्याकडे झेरॉक्सचे पैसे मागायला लागतात म्हणून एका पानात चार बसतील असं काही असेल तर बरं.

गणित_सर_कळवा

टाकतो उद्या शाळेतून. चाचणीचा एका पानात दोन बसतो, त्यापेक्षा लहान केलात तर पोरांना लिहायला जागा राहत नाही. मधल्या सुट्टीच्या कागदाला झेरॉक्स नकोच, तीन प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला चिकटवा आणि उत्तरं जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर घ्या.